काटा कुठंही फिरवा, तीच बाई

आमच्या घरात रेडिओ दुरुस्त करणारे माझे वडील, नाना, असले, तरी रेडिओची मालकी अक्काची होती. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. कधीतरी चार दिवस म्हणून माहेरी आली आणि राहिलीच. का राहिली हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती नव्हती. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दोन खोल्या, सैपाकघर आणि वर माळा एवढंच आमचं घर. कोपऱ्याकोपऱ्यात रेडिओचे सांगाडे पडलेले, पण चालणारा रेडिओ एकच, तो अक्काच्या उशाशी. त्यावर तिनं विणलेला रुमाल, रुमालावर तपकिरीची डबी. बटणाला हात लावायचा तो फक्त अक्कानं. नानांनी एकदा सहज आवाज कमी केला, तर म्हणाली, "दुकानात जाऊन कर काय करायचं ते. हितं मी हाय." नानांनी हात मागं घेतला. सबंध जिल्ह्यातले रेडिओ ज्यांच्या हातून गेले, त्यांना स्वतःच्या घरात रेडिओला हात लावायची परवानगी नव्हती.

नानांचं दुकान लक्ष्मीपुरीत होतं. पुढं काउंटर, मागं प्लायवूडची भिंत आणि त्या भिंतीमागं मी. घरात आणि गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं ते असं, की सुमी, म्हणजे मी, कॉलेजची परीक्षा बाहेरून देते आणि फावल्या वेळात नानांना सामान लावून देते. खरं काय ते नानांना आणि मला ठाऊक होतं. नानांच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग धरला होता. माणूस आला गेला कळायचं, पण केसाएवढी तार आणि तांदळाएवढा सोल्डरचा थेंब दिसायचा नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे चष्म्यानं जाणारं नाही. ती गोष्ट नानांनी आईलासुद्धा सांगितली नाही. गिऱ्हाइकानं रेडिओ आणला की नाना तो कानाशी धरायचे, हलवायचे, गंभीर चेहऱ्यानं "हं" म्हणायचे आणि आत आणायचे. मी पाठ उघडायची, दोष शोधायची आणि कुजबुजून सांगायची. मग नाना बाहेर जाऊन ठणठणीत आवाजात जाहीर करायचे, "कंडेन्सर गेलाय पावणं." गिऱ्हाईक म्हणायचं, "नानांचा हात म्हंजे हात!" त्या हाताला इकडं प्लायवूडमागं सोल्डरच्या राळेच्या धुरानं खोकला यायचा आणि तो पदरात दाबावा लागायचा.

आता मागं वळून बघताना वाटतं, ते सगळं झालं ते या गप्प बसण्यामुळंच. दिवसभर तोंड मिटून दुसऱ्यांचे आवाज दुरुस्त करायचे. कुणाच्या रेडिओतून बातम्या, कुणाच्या रेडिओतून भजन, आणि आपण मात्र खोकायचंसुद्धा नाही. नानांच्या एका जुन्या पुस्तकात लहान ट्रान्समीटरचं सर्किट होतं. म्हणजे ऐकायचं यंत्र नव्हे, ऐकवायचं यंत्र. ते मी आधी नुसतं बघायची, मग वहीत उतरवून घेतलं, मग एकेक सामान जमवायला लागले. आमच्या घरात रेडिओचं सामान जमवणं म्हणजे समुद्रावर बसून वाळू गोळा करण्यासारखं होतं, कुणाला संशय येण्याचं कारणच नव्हतं. बिस्किटाच्या मोठ्या डब्याचं झाकण खाली घेतलं, पावडरीच्या रिकाम्या डब्यावर तांब्याच्या तारेचे बावीस वेढे घेऊन कॉइल केली, टाकून दिलेल्या टेलिफोनातून मायक्रोफोन काढला. मोठा व्हॉल्व, म्हणजे रेडिओतली ती काचेची नळी, बेळगावच्या लष्करी भंगारातून आलेला, नानांनी कधीतरी हौसेनं घेऊन ठेवलेला आणि विसरलेला. हे सगळं माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागं. एरियलची लांबलचक तार मी माळ्याच्या खिडकीतून परसातल्या शेवग्याला बांधली. दुसऱ्याच दिवशी आईनं ती बघितली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, वळणीला जागा पुरत नव्हती," आणि तिच्यावर धुणं वाळत घातलं. त्यानंतर ओली चादर पडली की माझं केंद्र मंदावायचं. पुस्तकात या दोषावर काही उपाय दिलेला नव्हता.

दुपारी जेवणं झाली की दुकान तासदोन तास बंद असायचं. नाना घोंगडीवर आडवे, आई सैपाकघराच्या उंबऱ्याशी पदर तोंडावर घेऊन, आणि मी "अभ्यासाला" माळ्यावर. पहिल्या दिवशी व्हॉल्व तापून लालसर झाला. मायक्रोफोनवर रुमाल धरून, खाली ऐकू जाणार नाही एवढ्या बेतानं, मी म्हणाले, "नमस्कार. हे माळ्यावरचं केंद्र आहे." आणि थांबले, कारण पुढं काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. तेवढ्यात खालून अक्काचा आवाज आला, "अगं बया! ही कोण?"

मग मी बोलत सुटले. कोल्हापुरात बाईमाणूसही "मी आलो, मी गेलतो" म्हणतं, मीही तसंच बोलायची. पण माळ्यावर माझी जीभ एकदम इस्त्री करून यायची. "श्रोतेहो, आज मी आपल्याला मटकीची उसळ सांगणार आहे." उसळ सांगायची, बाजारात मेथी कशी आहे ते सांगायचं, कॉलेजच्या पुस्तकातला एखादा धडा वाचायचा आणि शेवटी गल्लीतली एक बातमी, नाव न घेता. नव्या सायकलीची घंटा सारखी वाजवत जाणारे एक गृहस्थ, ज्यांना ब्रेक अजून सापडलेला नाही. तीन घरं सोडून राहणाऱ्या एक काकू, ज्या साखर उसनी नेतात आणि चहाला बोलवत नाहीत. एकाच घरात यंत्र आणि रेडिओ असल्यामुळं अक्काच्या सेटवर माझा आवाज इतका दणदणीत यायचा की दुसरं काही लागायचंच नाही. अक्का काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची आणि थक्क होऊन म्हणायची, "काटा कुठंबी फिरवा, तीच बाई! लई मोठं ठेसन दिसतंय." संध्याकाळी मला ऐकवायची, "बघ, कशी शुद्ध बोलती ती. न्हाय तर तू. जरा शिक तिच्याकडनं." मी मान खाली घालून भाकरी मोडायची. एवढं कौतुक मला त्या घरात त्याआधी कधी मिळालं नव्हतं, आणि ते घेताही येत नव्हतं.

माझी नात आता फोन समोर धरून स्वतःच्या खोलीत तासभर बोलते आणि तिला म्हणे नागपूरपर्यंतची माणसं बघतात. मी तिला म्हटलं, लायसन काढलंस का? ती हसली. तिला वाटलं, आजी वाहनाबद्दल विचारतेय. आमच्या वेळी नुसता ऐकायला रेडिओ ठेवला तरी पोस्टात जाऊन परवाना घ्यावा लागे. परवान्याशिवाय हवेत आवाज सोडणं हा तर सरळ गुन्हा होता. दुकानदाराकडं असं यंत्र सापडलं तर दुकान बंद होतं, हे नानांनीच एकदा बोलता बोलता सांगितलेलं. मला ते माहीत होतं. तरी मी रोज दुपारी माळ्यावर जात होते. त्या वयात माहीत असणं आणि भिणं यांची अजून ओळख झालेली नसते.

अशातच मला बघायला येणार असं ठरलं. मुलगा वारणानगरला नोकरीला होता. निरोप असा होता की मंडळी नंतर येतील, आधी मुलगा आणि त्याचा एक मित्र असे दोघंच येतील, नव्या विचाराचा आहे. सोमवारी बाजार बंद, दुकान बंद, म्हणून सोमवारची दुपार ठरली. आईनं सकाळपासून घर धुऊन काढलं. पोह्यांवर घालायला ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला शेव, लाडू. अक्कानं ठेवणीतलं लुगडं नेसून रेडिओवरचा रुमाल बदलला. मला हिरवी साडी नेसवून सैपाकघरात दाराआड उभं केलं आणि माझ्या बोटांवरचे सोल्डरचे डाग आई लिंबानं घासत बसली. "भाजल्याचं सांग. सैपाक करताना भाजलं म्हण. तेवढंच बरं दिसतंय."

दोघं आले ते ठरल्या वेळेच्या जरा आधीच. एक तिशीतला, सडपातळ, खिशाला दोन पेनं. दुसऱ्याच्या हातात कातडी पट्ट्याची एक जड पेटी. अक्का दाराआड येऊन माझ्या कानात म्हणाली, "पावण्यांनी काय आणलंय बघ एवढं मोठं. मोकळ्या हातानं आलं न्हाईत." मी फटीतून बघितलं. त्या पेटीच्या वर तारेचं गोल कडं दुमडून ठेवलेलं होतं. आवाज कुठल्या दिशेनं येतो ते शोधायचं यंत्र. नानांच्या पुस्तकात त्याचंही चित्र होतं.

"या, या पावणं. बसा की," नाना म्हणाले. आईनं तांब्या-भांडं पुढं ठेवलं. दोन पेनांचे पावणे घटाघटा पाणी प्याले, घाम पुसला आणि म्हणाले, "मी चौकशीसाठी आलो आहे."

"करा की! चौकशी तर केलीच पायजे. दहा घरं विचारा."

"विचारली. आसपासच्या घरांतून हेच सांगतात, की आवाज इथूनच येतो."

नाना खूश झाले. "आवाज चांगला हायच. शाळेत प्रार्थना तीच सांगायची."

पावणे थोडे गोंधळले. वहीत काहीतरी लिहून त्यांनी विचारलं, "हे बोलणं कधीपासून चालू आहे?"

आता आई उंबऱ्यापर्यंत आली. "लवकर बोलाय लागली बघा. नववा महिना पण सरला नव्हता."

"आणि रोज बोलते?"

"आता घरात म्हटल्यावर रोजच बोलणार की," आई म्हणाली, आणि लगेच घाबरून पुढं जोडलं, "पण उलट बोलत न्हाय हो."

मी आत दोन्ही हातांनी पोह्यांची ताटली धरून उभी होते. बाहेर जावं तर आवाज ऐकून ओळखणार, न जावं तर आई फरफटत नेणार. नेलंच तिनं. ताटली ठेवली, नमस्कार केला. पावण्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?" मी गप्प. "लाजती," आई म्हणाली आणि मागून चिमटा काढला. पुन्हा गप्प. "बोल की गं!" अक्का खेकसली. शेवटी मी घसा शक्य तितका जाड केला आणि म्हणाले, "सुमी म्हणत्यात मला. मला भाकरी येत्यात, कालवण येतंय, म्हशीचं बी समदं येतंय." आमच्या घरात सात पिढ्यांत म्हैस नव्हती. आईचा चेहरा पांढरा पडला. पावण्यांनी मात्र माझ्याकडं एकदा नीट बघितलं, पोह्यांचा घास घेतला आणि पिशवीतून टाईप केलेले कागद काढले.

"गैरसमज होतोय," ते म्हणाले. "मी सरकारी वायरलेस खात्याकडून आलोय. या घरातून विनापरवाना प्रक्षेपण होतं. आमच्या समुद्रकाठच्या केंद्रावर तीन आठवडे आम्ही ते टिपून घेतोय. पुरावा म्हणून वाचतो." आणि त्यांनी कोर्टातल्यासारख्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "दुपारी एक वाजून चाळीस मिनिटे. स्त्रीचा आवाज. मटकीला मोड आलेले असावेत." पान उलटलं. "दुपारी एक वाजून पन्नास मिनिटे. आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ बाईंनी काल आपली कवळी पाण्याच्या तांब्यात ठेवली, त्या विसरल्या, आणि त्याच तांब्यातलं पाणी आलेल्या पाहुण्यांनी गोड मानून घेतलं."

ही बातमी मी दिली त्या दिवशी अक्का हुपरीला बारशाला गेलती, म्हणूनच तर मी तेवढं धाडस केलं होतं. अक्का उठून उभी राहिली. "ती कवळी माझी हाय!" ती गरजली. "ही बातमी ठेसनवर गेली कशी?" पावण्यांनी सावकाश समोरच्या तांब्याकडं बघितलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. मग अक्का माझ्याकडं वळली. तिला सगळं एकदम उमगलं ते मी तिच्या तोंडावर बघितलं. ती रागावली असं मला वाटलं होतं, पण तिच्या डोळ्यांत आधी दिसलं ते वेगळंच, कुणीतरी लांबचं, मोठं माणूस हरवल्यासारखं काहीतरी. "तू हैस व्हय ती?" एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली.

आवाजाचा प्रश्न मिटला. साहेबांनी, कारण आता ते पावणे राहिले नव्हते, नानांकडं मोर्चा वळवला. "मुलगी बोलते ते ठीक. पण यंत्र कुणी बांधलं? तुमचं रेडिओचं दुकान आहे. असलं काम दुसऱ्या कुणाचं असणार?"

नानांना यंत्राचा पत्ताही नव्हता. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, म्हणजे मी जिकडं उभी होते तिकडं. मग मान ताठ करून म्हणाले, "मी बांधलंय. लिहून घ्या."

"शेवटचा व्हॉल्व कुठला वापरलात?"

"हाय की. मोठा."

"कॉइलला किती वेढे?"

"पुरतील एवढं."

साहेब हसले. "घाईतलं काम दिसतं. आवाजामागं एक घरघर आहे, ती कुणाही चांगल्या मेकॅनिकनं राहू दिली नसती."

मी आजवर स्वतःला सांगत आले की नानांना वाचवायला मी पुढं झाले. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं हे, की ती घरघर घालवायला मी दोन महिने झटले होते आणि माझं यंत्र दुसऱ्याच्या नावावर, तेही घाईतलं म्हणून, लिहिलं जात होतं. "आठशे सात नंबरचा व्हॉल्व," मी म्हणाले, आणि माळ्यावरच्याच आवाजात म्हणाले. "बावीस वेढे. घरघर आहे कारण मोठा कंडेन्सर मिळाला नाही, घाई केली म्हणून नव्हे. आणि नानांनी यातलं काहीच बांधलेलं नाही. त्यांना बारीक काम दोन वर्षं झाली दिसत नाही. दुकानातलंही सगळं मीच करते."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं की मी काय केलं. नाना भिंतीला टेकले. आई त्यांच्याकडं बघत राहिली. "दोन वर्षं?" ती म्हणाली. "सुईत दोरा ओवून द्या म्हटलं की परसात जाता, ते ह्यासाठनं?" आई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं सगळ्यांसमोर, सरकारी माणसासमोर, त्यांचा हात हातात घेतला. आमच्या घरात असलं कधी होत नसे. साहेब पोह्यांकडं बघू लागले.

मग मी त्यांना माळ्यावर घेऊन गेले. ते बिस्किटाच्या झाकणासमोर गुडघे टेकून बराच वेळ बसले. सोल्डरचा एक जोड बोटानं चाचपला. "सुरू करा," म्हणाले. मी सुरू केलं. त्यांनी बंद करायला सांगितलं आणि तिथंच मांडीवर वही घेऊन लिहिलं. तो कागद मला पाठ आहे. यंत्र एक, घरगुती बनावटीचे. बनवणारी, कुमारी आणि पुढं माझं पूर्ण नाव. दुकानाशी संबंध आढळला नाही. यंत्र चालू स्थितीत. त्याखाली मी सही केली. गुन्ह्याच्या कागदावर एवढ्या आनंदानं कुणी सही केली नसेल. मला लेखी ताकीद मिळाली, यंत्र जप्त झालं, आणि जिना उतरताना ते हळूच म्हणाले, "हौशी लोकांसाठी परवान्याची परीक्षा असते. द्या. फक्त त्यात उसळ सांगता येत नाही."

एरियल तेवढी मीच उतरवावी असा त्यांचा हुकूम होता. म्हणून वारणानगरचे खरे पावणे दारात आले तेव्हा मी हिरव्या साडीचा ओचा खोचून, हातात पक्कड घेऊन शेवग्यावर होते. त्यांच्यासमोर साहेबांबरोबरचा पेटीवाला माणूस बिस्किटाचं झाकण तारांसकट जीपमध्ये ठेवत होता. घरात पोहे उरले नव्हते. आईनं गडबडीनं उप्पीट केलं, ते खाली लागलं. मुलानं मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही झाडावर काय करत होता?" मी खरं ते सगळं सांगितलं. आठ दिवसांनी निरोप आला की मुलगी हुशार आहे, आमची साधी माणसं आहेत. अक्का म्हणाली, "साधी न्हवं, भित्री." कवळीच्या प्रकरणानंतर ती माझ्याशी ते आठ दिवस बोललीच नव्हती. बोलली ती पहिल्यांदा माझ्या बाजूनं.

त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, नाना दुकानाला गेले नाहीत. बुधवारीही नाही. गल्लीत बातमी फिरली होती आणि ती बाजारपेठेत पोचायला वेळ लागणार नव्हता. मी डबा भरून तयार व्हायची आणि नाना घोंगडीवर तोंड फिरवून पडलेले. मला वाटायचं, जाऊन पाय धरावेत. पण कशाबद्दल क्षमा मागायची? खोटं बोलले असते तर मागता आली असती. गुरुवारी सकाळी ते उठले, दाढी केली, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल. आणि हे बघ, आज पुढं बसायचं."

दुकान उघडलं. नानांनी स्वतः आतलं टेबल ओढून काउंटरजवळ आणलं, त्यावर माझी हत्यारं हातानं चाचपत ओळीनं लावली आणि आपण बाजूच्या स्टुलावर बसले. पहिलं गिऱ्हाईक हातकणंगल्याचं, जुनं. धोतर, फेटा, काखेत कापडात बांधलेला रेडिओ. सवयीनं त्यांनी तो नानांच्या पुढं धरला. "खरखरतोय बघा नाना."

नानांनी तो घेतला नाही. हात मांडीवर ठेवून म्हणाले, "पावणं, मला दोन वरसं झाली बारीक दिसत न्हाय. मिस्त्री ही हाय. ह्याच्या आधीचा बी तुमचा रेडिओ हिनंच केलता."

पावण्यांनी माझ्याकडं बघितलं. मग नानांकडं, मग पुन्हा माझ्याकडं, अगदी बैल घेताना बघावं तसं सावकाश.

"आणि मी येडा दोन वरसं तुमच्या हाताची तारीफ करालोय," ते नानांना म्हणाले. मग रेडिओ माझ्यापुढं ठेवून त्यांनी कापडाची गाठ सोडली. "घ्या बाई. आणि जरा नीट बघा, मागल्या खेपंला एक स्क्रू कमी बसवलाता."

नाना इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.